झोपेचं सोंग

नव्या देशातल्या नव्या घरात कॅप्टननं विकत आणलेली पहिली वस्तू म्हणजे स्वयंपाकघरात लागते ती चंदेरी फॉइल. गादी नंतर आली, पातेली त्याच्याही नंतर. झोपायच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना त्यानं स्टुलावर उभं राहून आतून फॉइल चिकटवली, कडेकडेनं टेप मारला आणि दार लावून खात्री केली. भर दुपारी स्वतःचा हात दिसेना.

"झकास," तो म्हणाला आणि उतरताना भिंतीवर आपटला.

विमान चालवणाऱ्यांच्या घरात यात नवल नाही. रात्रभर उडून आलेल्या माणसाला सकाळी झोपायचं असतं, आणि सूर्य कुठल्याच कंपनीचं वेळापत्रक मानत नाही. पण हे इमारतीच्या रखवालदाराला कोण सांगणार? खालून त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खिडक्या आरशासारख्या चमकताना दिसल्या. थोडे दिवस त्यानं कळ काढली. मग कॅप्टनच्या बायकोला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "बाई, आत चोरून काही पिकवताय का?"

"हो, नवरा," ती म्हणाली. "अंधारात ठेवला की चांगला धरतो."

रखवालदार हसला नाही. त्यांच्याकडे नवऱ्याची शेती करत नसावेत.

कॅप्टन हे आता नुसतं घरातलं नाव उरलं होतं. आधीच्या कंपनीत तो खरोखरचा कॅप्टन होता. डावी खुर्ची, खांद्यावर चार पट्ट्या, जाहीर घोषणा करायचा भारदस्त आवाज, सगळं होतं. मग ती कंपनी बसली. विमान बसतं तशी नाही, दुकान बसतं तशी. काही महिने घरी काढल्यावर या परदेशी कंपनीनं त्याला घेतलं, पण उजव्या खुर्चीत. म्हणजे सहवैमानिक म्हणून. डावीकडे सरकायचं ते पुढे कधीतरी, रांग लावून. खांद्यावरची एक पट्टी उतरली.

"पगार वाढला आणि पट्टी उतरली," बायको म्हणाली होती. "लोकांना नुसता मान मिळतो आणि त्यावर भागवावं लागतं. आपलं बरं आहे."

ती असं म्हणाली तेव्हा बरं वाटलं होतं. पण पट्टीपेक्षा हातांनी जास्त पिडलं. डाव्या खुर्चीत डाव्या हातानं विमान वळवायचं आणि उजव्यानं इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचा. उजव्या खुर्चीत सगळं उलटं. वीस वर्षं एका कुशीवर निजणाऱ्या माणसाला कूस बदलून त्याच वेळी गणितं सोडवायला सांगावं, तसली गत. हात बिचारे घरीसुद्धा गोंधळायचे. चहाचा कप डावा हात उचलायचा, नळ उजवा हात उलटा फिरवायचा. अकरा वर्षांची लेक एकदा त्याला दात घासताना बघून म्हणाली, "बाबा, तू आरशातला बाबा झालायस."

शिवाय प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. जुन्या कंपनीत जे म्हटल्यावर शेजारचा चाकं वर घ्यायचा, ते इथे म्हटलं की शेजारचा नुसता बघत राही.

सुरुवातीचे महिने शिकण्याचे होते. डाव्या खुर्चीत शिकवणारा, उजवीकडे हा. मग शेवटी फायनल चेक. विमान खरं, प्रवासी खरे आणि शेजारी परीक्षक. तो पास झाला की नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली की बायको-मुलीचा इथे राहायचा परवाना पक्का. नापास झाला तर... हे वाक्य घरात अजून कुणी पूर्ण केलं नव्हतं.

त्यामुळे तिघांचा सगळा संसार 'चेक झाल्यावर' या मुहूर्तावर टांगलेला होता. पलंग चेक झाल्यावर. पडदे चेक झाल्यावर. खोके फोडायचे तेही चेक झाल्यावर, कारण न जाणो, परत बांधावे लागले तर? तोवर टीव्ही एका खोक्यावर, जेवण दुसऱ्यावर आणि मुलीचा अभ्यास तिसऱ्यावर. बायकोचा तिकडे फिजिओथेरपीचा चांगला जमलेला दवाखाना होता. लोकांचे आखडलेले खांदे सोडवता सोडवता तिनं तो उभा केला होता, आणि एका आठवड्यात कुलूप लावलं. इथे काम शोधायचं तेही अर्थात चेक झाल्यावर. आजीनं फोनवर नातीला विचारलं, "शाळेत मैत्रीण मिळाली का गं?" तर तिनंही सहज सांगितलं, "चेक झाल्यावर."

आणि चेक पास व्हायचा तर कॅप्टनची झोप व्हायला हवी, यावर घरात एकमत होतं. नेमकी तिथेच माशी शिंकली.

झोप हा त्याच्या धंद्यात कामाचाच भाग. दोन उड्डाणांच्या मध्ये विश्रांती घ्यायची हा नियमच आहे. पण कंपनी वेळ देते, झोप देत नाही. ती ज्याची त्यानं आणायची. एक दिवस पहाटेचं विमान, एक दिवस रात्रीचं, मध्ये कधीतरी दुपारी पडायचं. जुन्या घरी हे त्यानं वर्षानुवर्षं निभावलं होतं. खाली रस्त्यावर कुणी भांडत असे, वरच्या मजल्यावर कुणी खिळे ठोकत असे, आणि हा ढाराढूर. इथली इमारत दुपारी एवढी गप्प असायची की लिफ्टनं सोडलेला श्वास ऐकू येई. त्यात मायलेकींनी आपली भर घातली.

आधी बेलची तार काढली. मग कुकर बंद झाला, कारण शिट्टी. मग मिक्सर, मग कपडे धुवायचं यंत्र. चपला दाराबाहेर गेल्या. भांडी घासताना बायको प्रत्येक चमचा असा ठेवायची की जणू तो झोपलाय. कॅप्टन अंधारात डोळे मिटून पडलेला असे आणि त्याला ती शांतता ऐकू येई. आता तिनं कढई उचलली. आता ती कुठे ठेवू म्हणून थांबली. आता तिनं ती हातातच धरली असणार. बिचारी किती वेळ धरेल?

मग एकदा तो कूस बदलत असताना गादीची स्प्रिंग करकरली आणि बाहेर बायको कुजबुजली, "उठला वाटतं. आपलाच आवाज झाला."

दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी घरातच थांबेनाशा झाल्या. खाली तळघरात गाडी उभी असायची, त्यात जाऊन बसायच्या. लेक दप्तर घेऊन जायची, बायको उशी. बाहेर फिरायला जावं तर ऊन नाहीतर वारा, आणि दुकानात जावं तर दुकानदार किती वेळ विनाखरेदीचं उभं राहू देणार?

आता अशा वेळी कॅप्टन काय सांगणार होता? आपल्यापायी दोन माणसं तळघरात बसली आहेत, आणि आपण छताकडे बघत इंधनाची बेरीज करतोय? त्या परत आल्या की दाराशी चावी अगदी हळू फिरायची. मग तो जरा थांबून, डोळे चोळत, आळस देत बाहेर यायचा.

"झाली झोप?"

"मस्त."

तिचा चेहरा असा उजळायचा की दुसऱ्या दिवशीही 'मस्त' म्हणणं भाग पडे. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. पण त्याला झोपवता येतं का, याबद्दल जुनी माणसं काही सांगून गेलेली नाहीत.

असे आठवडे गेले. डोळ्यांत वाळू, डोक्यात कापूस. एकदा त्यानं साखरेच्या डब्यात चहा ओतला. एकदा बायको म्हणाली, "येताना दूध आण," तर रेडिओवर नियंत्रकाला द्यावं तसं उत्तर गेलं, "येताना दूध, समजलं." ती हसली आणि तोही हसला. मग तो दूध न घेताच परत आला.

चेकच्या दिवशी शनिवार होता. विमान संध्याकाळचं, हजर व्हायचं दुपारी. आदल्या दोन्ही दिवशी पहाटेची उड्डाणं झाली होती. सकाळपासून मायलेकी खाली गेलेल्या आणि कॅप्टन अंधारात पडलेला. मधे एकदा झोप लागतेय असं वाटलं, तर 'लागतेय, लागतेय' या आनंदानंच ती उडाली. शेवटी उठून त्यानं दाढी केली, गणवेश चढवला आणि लिफ्टमध्ये शिरला.

लिफ्टचं दार लागलं. तो उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. ही लिफ्ट फारच संथ आहे, रखवालदाराला सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं. मग लक्षात आलं की आपण बटणच दाबलेलं नाही. तो हात पुढे करणार तेवढ्यात लिफ्ट आपणहून खाली निघाली, तळघरात थांबली आणि दार उघडलं. समोर त्या दोघी. लेकीच्या पाठीवर दप्तर, बायकोच्या काखेत उशी, आणि गालावर गाडीच्या पट्ट्याचा लांबलचक वळ.

"निघालास? झाली झोप?"

"मस्त."

"डोळे लाल आहेत."

"जास्त झोपलो."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? गाडीत बसायची आयडिया माझी." तिनं त्याची टोपी सरळ केली. "जा. मास्तरांना सांग, आमच्याकडून पास करून टाकलाय."

लेक नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

मास्तर म्हणजे परीक्षक. हे नाव कॅप्टननंच घरात पाडलेलं. उंच, कोरडा माणूस. चष्म्याच्या वरून बघायचा आणि खूश झाला की "पुढे" म्हणायचा. नाराज झाला की काहीच म्हणायचा नाही. मागच्या महिन्यात त्याच्याबरोबर एक उड्डाण झालं तेव्हा कॅप्टन घरी येऊन म्हणाला होता, "आज दोनदा 'पुढे' म्हणाले," आणि त्याच्यावर त्यांनी बाहेरून जेवण मागवलं होतं.

विमानतळावरची ती खोली कुठल्याही कचेरीसारखीच. लांब टेबल, विटक्या रंगाच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र आणि त्याच्यावर 'कृपया कप उचलावा' असा कुणीच न वाचलेला कागद. मास्तर आधीच येऊन बसला होता. हवामान झालं, वाटेतला वारा झाला. उतरायच्या ठिकाणी पाऊस होता, म्हणून इंधन थोडं जास्त घ्यायचं ठरलं. कॅप्टन नीट बोलत होता. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. फक्त हवामानाची एक ओळ त्यानं वाचली, पुन्हा वाचली, आणि तिसऱ्यांदा वाचताना ती पहिल्यांदाच बघितल्यासारखी वाटली.

"पुढे," मास्तर म्हणाला.

मग त्यानं पेन ठेवलं आणि चष्म्यावरून बघत प्रत्येक उड्डाणाआधी विचारायचा तो प्रश्न विचारला.

"झोप झाली?"

हा प्रश्न इथे नमस्कारासारखा आहे. समोरचा 'हो' म्हणतो, मग दोघं उठतात, टोप्या घालतात आणि विमानाकडे निघतात. आजवर कॅप्टननं शेकडो लोकांना तो विचारलाय आणि शेकडो वेळा 'हो' म्हटलंय. आत्ताही तोंड उघडलंच होतं. शब्द जिभेवर आला होता, आणि तो 'हो' नव्हता, 'मस्त' होता. तोच घरातला सूर, तोच आळस दिल्यासारखा हेल. इतका तयार, इतका घोटलेला की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

घरी खोटं बोललं तर दोन माणसं फसतात, आणि तीही प्रेमानं फसतात. इथे पाठीमागच्या बंद दारापलीकडे माणसांच्या रांगाच्या रांगा बसणार. कुणी खिडकीजवळची जागा भांडून घेतलेली, कुणी तान्हं मूल मांडीवर घेतलेलं. त्यांना कुणी विचारत नाही, तुमचा वैमानिक झोपलाय का म्हणून. ते विचारायचं काम या एका प्रश्नावर सोपवलेलं आहे. पण तळघरातली गाडीही डोळ्यांसमोरून हलेना. बंद दवाखान्याचं कुलूप. खोके. हा 'हो' म्हटला तर रात्रीपर्यंत सगळं सुटतंय. हात चालतील, सवयीनं चालतात. चालतील ना? कुठला हात?

"नाही," कॅप्टन म्हणाला.

मास्तर थांबला. "नाही म्हणजे?"

"म्हणजे झोप नाही झाली. मी आज उडण्यालायक नाही."

"कधीपासून?"

"घर बदलल्यापासून."

मास्तरनं फोन उचलला आणि राखीव बसवलेल्या वैमानिकाला बोलावलं. दोन वाक्यांत काम झालं. मग त्यानं कागद गोळा केले.

"मी तुला नापास केलेलं नाही," तो म्हणाला.

"बरं."

"पासही केलेलं नाही."

"बरोबर."

"पुढचं ऑफिस ठरवेल." टोपी उचलून तो दाराशी गेला आणि वळला. "कंपनीची बस तासाभरानं आहे. कॉफी घेऊ नकोस, आधीच झोप नाही." आणि निघून गेला.

कॅप्टन तासभर त्या खोलीत बसला. माणसं आली, हवामान बोलली, झोप झाल्याचं सांगून गेली. मग खिडकीतून त्याचं विमान मागे सरकताना दिसलं. उजव्या खुर्चीत एक तरणाबांड मुलगा होता. छान झोपलेला दिसत होता.

घराचं दार त्यानं चावीनं उघडलं तेव्हा बायको एका खोक्याशेजारी बसून मटार सोलत होती. तिनं आधी गणवेश बघितला, मग घड्याळ, मग चेहरा.

"विमान रद्द झालं?"

"नाही. गेलं."

"तुझ्याशिवाय?"

"हो."

त्यानं सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच, टोपी हातात धरून. सोंगाचंही सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही, त्यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचं कळत होतं. मटाराची शेंग हातात तशीच राहिली.

"रोज?" शेवटी तिनं विचारलं.

"बहुतेक रोज."

"आणि रोज मला 'मस्त'?"

"तू इतकी खूश व्हायचीस..."

"वा रे वा! म्हणजे चूक माझ्या खूश होण्याची." आवाज चढला. इतक्या आठवड्यांत त्या घरात पहिल्यांदा कुणाचा आवाज चढला होता. "मी दवाखाना सोडला, हिनं तिकडची शाळा सोडली आणि तू झोप सोडलीस. कुणाकडे तरी काही शिल्लक ठेवायचं होतं रे! आम्ही तळघरात बसत होतो. मला रखवालदार विचारतो, बाई, घरात त्रास आहे का? मी म्हणते, नाही हो, नवरा झोपलाय. आणि तू वर जागा! मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? मी काय तुझी परीक्षक आहे?"

तो खोक्यावर बसला.

"मला माहीत होतं," आतल्या खोलीच्या दारातून लेक म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"बाबा झोपला की घोरतो. मी पुस्तक विसरले म्हणून दोनदा वर आले होते. घोरत नव्हता."

"आणि मग मला का नाही सांगितलंस?" आई तिच्याकडे वळली.

लेक भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. "तू झोपलेली असायचीस ना. गाडीत. बसलीस की लगेच झोपायचीस, तोंड उघडं टाकून. मी काच थोडी खाली करून ठेवायचे. तुला उठवावंसं नाही वाटलं."

बायकोनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिचा हात आपोआप गालाकडे गेला. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता ते हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. कॅप्टन उठून तिच्याजवळ जमिनीवर बसला. तिनं त्याला कोपरानं ढकललं, पण लांब जाण्याइतकं नाही.

"घरात एकटी मीच झोपत होते म्हणजे," ती नाक पुसत म्हणाली. "आणि चेकही माझा नाही."

"तुझा असता तर पास झाली असतीस."

"गप्प बस. जागा राहून विनोद करतोय." तिनं मटाराचं ताट बाजूला सारलं. "नोकरी जाईल?"

"माहीत नाही."

"खरं सांग."

"खरंच माहीत नाही. नियमानं जायला नको. पण मी नवा आहे."

"गेली तर?"

ते वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी एवढं पुढे नेलं होतं. आभाळ काही कोसळलं नाही.

"गेली तर खोके बांधलेलेच आहेत," कॅप्टन म्हणाला.

"हो, तेवढं एक काम वाचलं," ती म्हणाली. "ऊठ, तो गणवेश उतरव. दयनीय दिसतोयस. आणि आत अंधारात जायचं नाही. इथेच पड."

बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी ओढून आणली गेली. उतरतं ऊन थेट तोंडावर येत होतं. बायको कुकर शोधायला लागली. तो कुठल्या खोक्यात आहे ते कुणालाच आठवेना, म्हणून लेकीनं एकामागून एक टेप फाडायला सुरुवात केली. फर्रर्र, फर्रर्र. कॅप्टन डोळे मिटून पडला. सोंग घ्यायचं कारण नव्हतं, म्हणून झोपायचीही घाई नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा, त्याला आवाजावरूनच कळलं. एरवी त्या फोनसाठी बायको हातातलं टाकून धावायची आणि कुजबुजत दारापर्यंत आणून द्यायची. आत्ता ती सावकाश गेली.

"हॅलो? हो, मी त्यांची बायको. नाही, ते झोपलेत." जरा शांतता. "नाही हो, उठवणार नाही. मला सांगा काय ते."

कॅप्टनच्या मनात आलं की उठावं. कोपर टेकलंही. पण उरलेलं अंग कोपराबरोबर आलं नाही.

"आधी डॉक्टर. बरं. आणि चेक? पुढच्या आठवड्यात. कोण असणार? तेच परीक्षक का? त्यांनी स्वतः सांगितलं?" आवाज जरा हलला आणि पुन्हा सावरला. "ठीक आहे. उठले की सांगते. कधी उठतील? ते मी कसं सांगू, बाई?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग लेकीचा, स्वयंपाकघरातून, घरभर ऐकू जाईल असा.

"आई, बाबा पास झाला?"

"नाही अजून."

"मग आता?"

"आता काय, जेवायचं. ते झाकण दे इकडे."

झाकण खाली पडलं. ते गोल फिरत, आदळत, बराच वेळ फरशीवर वाजत राहिलं असावं. कॅप्टननं त्याची पहिली फेरी तेवढी ऐकली.